पैसे भरून चिखल उपसायला अलास्कात जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एक ताई आहेत, वय ४३. पुण्यात असताना गडांवर श्रमदानाला जायच्या, टाकी साफ करणं, पायऱ्या मोकळ्या करणं वगैरे, पण त्यालाही आता दहाएक वर्षं झाली. जुलैमध्ये अलास्कातल्या कॉर्डोव्हा नावाच्या गावी आठवडाभराच्या व्हॉलंटियर ट्रेल क्रूवर, म्हणजे जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीत, जायचं त्यांच्या मनात आहे. मिस्टर म्हणतायत की सुट्टी घालवून, वर पदरचे पैसे भरून मजुरी करायला कोण जातं. आणि ताईंना चार गोष्टी विचारायच्यात: मला झेपेल का, अस्वलांचं काय, शाकाहारी आहे तर खायचं काय, आणि चहा मिळेल का.

मी सिॲटलजवळ राहतो, चौदा वर्षं ट्रेलवर्क करतोय. बहुतेक काम आमच्या वॉशिंग्टन राज्यातच, शनिवारी सकाळी जायचं, संध्याकाळी चिखलाने माखून घरी. आठवड्याच्या क्रू म्हणाल तर अकरा झाल्या, त्यातल्या तीन कॉर्डोव्हाला, शेवटच्या वेळी असिस्टंट लीडर म्हणून. नोकरी आयटीतलीच आहे, गैरसमज नको. गाव गुहागरकडचं. तेव्हा जे सांगतोय ते एवढ्या शिदोरीवर, दुसऱ्या कुणाला वेगळा अनुभव आला असेल तर तोही खराच असणार.

सगळ्यात आधी, "झेपेल का" हा प्रश्न तुम्ही ताकदीच्या अंगाने विचारताय, आणि तिथेच मला वाटतं थोडी गल्लत होतेय. माझ्याबरोबर ६७ वर्षांच्या निवृत्त शाळेच्या बाई होत्या, त्या सातही दिवस आनंदात होत्या, आणि २९ वर्षांचा मॅरेथॉन पळणारा पोरगा तिसऱ्या दिवशी तंबूतून बाहेर यायला तयार नव्हता. फरक ताकदीचा नव्हता, पाण्याचा होता. सात दिवस ओलं राहता येतं का, ओल्या मोज्यात सकाळी पाय घालताना चिडचिड न करता घालता येतो का, आणि ओलं असताना घाई न करता काम करता येतं का, खरा प्रश्न हा आहे. कॉर्डोव्हातलं सगळंच पाण्याभोवती फिरतं, काम, कपडे, विमान, गावाचा इतिहाससुद्धा. म्हणून मी उत्तरही त्याच धाग्याने देतो.

आधी गाव. कॉर्डोव्हा प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या मोठ्या आखाताच्या पूर्वेच्या टोकाला आहे, लोकवस्ती अडीच-पावणेतीन हजार, सगळा धंदा मासेमारीचा. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. एकतर विमानाने यायचं नाहीतर व्हिटियर किंवा वॉल्डीझहून फेरीबोटीने. विमानतळ गावापासून १३ मैलांवर, आणि त्याला नाव दिलंय एका जुन्या वैमानिकाचं, ज्याचं टोपणनाव होतं 'मडहोल', म्हणजे चिखलाचा खड्डा. नावही पाटीवर आहे बरं का. उतरल्या उतरल्या पुढचा आठवडा कसा जाणार याची कल्पना येते.

मुळात हे गाव वाढलं ते तांब्यामुळे. आतल्या केनिकॉटच्या खाणींपासून बंदरापर्यंत रेल्वे टाकली होती, १९११ मध्ये ती सुरू झाली, १९३८ मध्ये बंद पडली. त्याच रेल्वेच्या भरावावर पुढे कॉपर रिव्हर हायवे बांधायला घेतला, तो बाहेरच्या रस्त्यांना जाऊन मिळायचा होता पण कधी मिळालाच नाही. आता गंमत बघा, त्या रस्त्याने गेलात की तुमच्या बऱ्याचशा ट्रेलच्या सुरुवाती लागतात, पण ३६व्या मैलाच्या आसपास नदीने आपला प्रवाह सरकवला आणि एका पुलाच्या पायाखालचा गाळ खरवडून नेला, २०११ मध्ये पूल बंद करावा लागला. पलीकडे ४८व्या मैलावरचा प्रसिद्ध 'मिलियन डॉलर ब्रिज' दिमाखात उभा, आणि त्याच्यापर्यंत गाडी जात नाही. पाणी कुठून जाणार हे माणसाने ठरवलं आणि पाण्याने ऐकलं नाही, ट्रेलवर तुम्ही हेच छोट्या आकारात सात दिवस बघणार आहात.

पाऊस किती? गावात वर्षाला शंभर इंचांच्या पुष्कळ वर. आपल्याला कोकणातल्यांना आकडा ऐकून काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. मी पहिल्या वर्षी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो की अहो आम्ही पागोळ्यांखाली वाढलेली माणसं. पण आपला पाऊस चार महिने धो धो पडतो आणि उबदार असतो, भिजलं तरी अंगात हुडहुडी भरत नाही. तिकडचा जुलैमध्ये १२-१५ अंशांत पडतो, रात्री ८-९ पर्यंत उतरतो, आणि नुसता झिमझिम करत बसतो, थांबतच नाही. तो माणसाला धडधडीत भिजवत नाही, हळूहळू मुरतो. जून त्यातल्या त्यात कोरडा, ऑगस्ट जास्त ओला, सप्टेंबर-ऑक्टोबरचं तर विचारूच नका. जुलै मधला आहे. नशीब असेल तर दोन दिवस लख्ख ऊन मिळेल आणि तेव्हा समोरचे डोंगर आणि हिमनद्या अशा दिसतात की हातातलं फावडं तसंच राहतं.

आता काम. मजुरी म्हणाल तर मजुरीच, पण कसली मजुरी ते कळलं तर मिस्टरांना सांगायला सोपं जाईल. जंगलातल्या पायवाटेचा एक नंबरचा शत्रू माणूस नसून पाणी असतं. पाणी वाटेवर आलं की ते वाटेनेच खाली धावतं, माती नेतं, वाटेची पन्हळ होते, मग चालणारे चिखल टाळायला कडेने जातात, कडेची झाडं मरतात, वाट रुंद होते, आणखी चिखल होतो. म्हणून ट्रेलवर्कचं सगळं शास्त्र एका वाक्याचं आहे, पाण्याला लवकरात लवकर वाटेवरून खाली उतरवा. त्यासाठी वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला अगदी थोडा, शंभराला पाच एवढा, कलता ठेवायचा. ठरावीक अंतरावर उथळ खळगा काढून पाण्याला बाहेरची वाट दाखवायची. जिथे खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेला पालापाचोळा, आणि शेवाळाची भिजकी जमीन आहे, तिकडे तिला मस्केग म्हणतात, तिथे माती काढून उपयोगच नसतो, ती स्पंजसारखी असते, तिथे लाकडी फळ्यांचा मार्ग उचलून घालायचा नाहीतर कापड अंथरून त्यावर खडी टाकायची. खडी कोण वाहणार? आपण, बादल्यांतून.

पहिल्या वर्षी क्रेटर लेकच्या ट्रेलवर मला एक पाणी काढायची जागा दिली होती. हा ट्रेल साधारण अडीच मैलांत दीड हजार फूट चढतो, म्हणजे पाण्याला जोर भरपूर. मी आपला गुहागरच्या बागेतल्या पाटाच्या आठवणीने अर्ध्या तासात एक मस्त सरळ, खोल, अरुंद गटार खणलं, कडा अशा तासलेल्या की फोटो काढावा. लीडर आली, काही बोलली नाही, मगमधलं उरलेलं पाणी वाटेवर वरच्या अंगाला ओतलं आणि म्हणाली बघ. पाणी आलं, माझ्या गटाराच्या तोंडाशी आलं, आणि त्यात न पडता अलगद वळसा घालून वाटेनेच खाली निघून गेलं. गटाराला कोन बरोबर नव्हता, आणि मी खणलेली माती खालच्या कडेला रचून स्वतःच बांध घातला होता. शिवाय अरुंद गटार पहिल्याच पानगळीत बुजलं असतं. मग तीच जागा तिने मला तीन पावलं रुंद, बशीसारखी उथळ, वाटेला तिरकी करायला लावली, आणि काढलेली माती दूर खाली फेकायला लावली. दोन तास लागले. दिसायला काहीच नाही, कुणाला कळणारही नाही की इथे काम झालंय. पण पाणी मुकाट्याने बाहेर गेलं. पाऊस पडत असताना ट्रेल वाचता येतो, कोरड्या दिवशी अंदाज करावा लागतो, त्यामुळे पावसाला शिव्या घालणारे लोक दुसऱ्या दिवशीपासून वाटेवर वाकून पाण्याचे ओहोळ बघत बसतात.

दुसरं मोठं काम झाडोरा छाटायचं. तिथे आल्डर नावाचं झुडूप माजलेलं असतं, आणि त्यामागे एक कहाणी आहे जी मला फार आवडते. २७ मार्च १९६४ ला अलास्कात ९.२ तीव्रतेचा, म्हणजे अमेरिकेतला नोंदलेला सगळ्यात मोठा भूकंप झाला, त्यात कॉपर नदीच्या मुखाकडची जमीन सहा फुटांहून जास्त वर उचलली गेली. जिथे भरतीचं खारं पाणी यायचं ती दलदल एका दिवसात समुद्राच्या वर गेली, खारेपणा धुऊन गेला, आणि तिथे गवताच्या जागी हळूहळू आल्डर आणि विलो घुसले. म्हणजे त्या सपाटीवरच्या वाटांवर तुम्ही जी फांदी कात्रीने तोडणार ती एका अर्थाने भूकंपाची औलाद आहे. तुम्ही कापायची, ती पुढच्या वर्षी परत येणार.

छाटताना दोन झाडं ओळखायला पहिल्याच दिवशी शिका. एक डेव्हिल्स क्लब, मोठ्ठी भोपळ्यासारखी पानं आणि देठभर बारीक काटे, तोल गेला की माणूस हटकून त्यालाच धरतो, आणि काटे मोडून आत राहतात, म्हणून चामड्याचे हातमोजे. दुसरं पुश्की, पांढऱ्या छत्रीसारखी फुलं, दिसायला आपल्या कोथिंबिरीच्या फुलोऱ्याची थोरली बहीण. त्याचा चीक अंगाला लागला आणि मग ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. मला मनगटावर आले होते, डाग पुढची दिवाळी येईपर्यंत होता. मजा म्हणजे फोड येतात ते उजेडाने, ऊन असलं की जास्त, त्यामुळे ज्या दिवशी सगळे खूश असतात त्याच दिवशी बाह्या खाली ठेवायच्या.

हत्यारांची भीती नको, तुम्ही गडावर वापरलीच असणार. टिकाव, फावडं, पहार, घमेल्याऐवजी बादली. नवीन एकच, पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं कुदळीसारखं पातं. १९१० च्या प्रचंड वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंबून वाचवणाऱ्या एड पुलास्की नावाच्या रेंजरचं नाव त्याला मिळालंय. हत्यार खांद्यावर टाकायचं नाही ही सवय मात्र मोडायला लागेल, आपल्याकडे सगळे खांद्यावरच टाकतात. इथे हातात, पात्याला कव्हर घालून, उताराच्या बाजूला धरायचं, म्हणजे पाय घसरला तर ते फेकून देता येतं, आणि दोघांत दहा फूट अंतर. कुणाच्या मागून जायचं असेल तर आधी आवाज द्यायचा, त्याने थांबून हो म्हटल्यावर जायचं. सुरुवातीला हे नाटकी वाटतं, पण मी एका क्रूमध्ये बिनआवाजाने गेलेल्या माणसाची नडगी बघितलीये, तेव्हापासून वाटत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो कारण माहितीपत्रकात 'विल्डरनेस' शब्द असतो आणि लोकांचा घोळ होतो. अमेरिकेत तो कायद्याचा शब्दही आहे, १९६४ च्या कायद्याने जाहीर झालेल्या विल्डरनेसमध्ये मोटरवर चालणारं हत्यार वापरता येत नाही, म्हणून तिथे आडवे पडलेले ओंडके दोन माणसांच्या मोठ्या करवतीने कापतात, एकाने ओढायचं, दुसऱ्याने नुसतं सोडायचं, ढकलायचं नाही. कॉर्डोव्हाच्या आसपासचे ट्रेल चुगाच नॅशनल फॉरेस्टमध्ये येतात, पण गावाजवळचे ट्रेल त्या कायद्यातल्या विल्डरनेसमध्ये नाहीत, त्यामुळे कधी चेनसॉ, म्हणजे मोटरवरची करवत, दिसेल. ती परवानाधारकच चालवणार, तुम्ही नाही. बाकी जंगलीपणात काही कमी नाही, त्याची चिंता नको.

झेपण्याबद्दल आता नेमकं. दिवसाला सात-आठ तास काम, मध्ये भरपूर ब्रेक, जायला यायला मिळून तीन ते पाच मैल चाल, हातात एक हत्यार, पाठीवर डबा पाणी रेनकोट. जिममध्ये वजनं उचलून याचा फार उपयोग होत नाही. दुखतं ते कंबर आणि गुडघे आणि पंजे, कारण दिवसभर वाकून, उकिडवं बसून, गुडघे टेकून काम. आत्तापासून जुलैपर्यंत आठवड्यातून तीनदा पाठीवर सातेक किलो घेऊन जिने चढा-उतरा, घरात भाजी चिरायला खाली उकिडवं बसा (हसू नका, मी बसतो), आणि मुख्य म्हणजे पाऊस असेल त्या दिवशी मुद्दाम चार तास हाइकला जा आणि ओले कपडे न बदलता घरी या. त्या दिवशी तुम्हाला तुमचं उत्तर मिळेल. दुसरं, तुमच्या दारातच न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स आहे, १९२० पासूनची संस्था, त्यांच्या एक दिवसाच्या कामाला दोनदा जाऊन या. ते आवडलं नाही तर कॉर्डोव्हाही आवडणार नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं, दमा, किंवा कमरेत गॅप असेल तर मात्र माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा आणि लीडरला फॉर्ममध्ये खरं लिहा. दवाखाना गावात आहे पण मोठं काही झालं तर विमानानेच न्यावं लागतं, आणि ढग खाली आले असतील तर विमानही नाही. म्हणून इव्हॅक्युएशनचा विमा घ्या. फॉरेस्ट सर्व्हिसबरोबर, म्हणजे अमेरिकेच्या वनखात्याबरोबर, व्हॉलंटियर करारावर सही केली असेल तर कामावर असताना झालेल्या दुखापतीला केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासारखं संरक्षण मिळतं, १९७२ च्या कायद्याने, पण सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतःहून कड्यावर चढलात तर ते त्यात येत नाही. आणि त्याच कागदपत्रांच्या वेळी, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर व्हिसावर हे चालतं का ते तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून घ्या. हे खरोखर ज्याच्या-त्याच्या व्हिसावर अवलंबून आहे, ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

कपडे. सुती काहीही नको, अंडरवेअरसुद्धा. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर. पहिल्या वर्षी मी चारशे डॉलरचं श्वास घेणारं जॅकेट घेऊन गेलो, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने श्वास सोडला. बाहेरून पाणी मुरलं, आतून घाम, आणि आल्डरच्या फांद्यांनी बाह्या फाटल्या. गावातले कोळी काय घालतात ते बघा, जाड रबरी पीव्हीसीचा कोट आणि वरपर्यंत येणारी विजार, आपल्याकडच्या मच्छीमारांसारखीच. जड असतो, घाम येतो, पण पाणी आत येत नाही म्हणजे नाही. मी आता तोच नेतो आणि काम करताना काखेत मोकळा ठेवतो. बुटांचं क्रूवर अवलंबून, बऱ्याच ठिकाणी घोट्यावर येणारे चामडी बूट लागतात, खडीच्या कामाला गमबूट चालतात, एक्स्ट्राटफ नावाचे तपकिरी गमबूट गावात लग्नालासुद्धा घालतात. मोजे सात जोड, आणि त्यातला एक जोड झिपलॉक पिशवीत, फक्त झोपताना घालायचा, काहीही झालं तरी कामाला वापरायचा नाही. हा एक जोड म्हणजे तुमची मनःस्थिती. त्या मॅरेथॉनवाल्या पोराने तिसऱ्या दिवशी सकाळी तोच घालून टाकला होता. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी, जुलैत रात्री अकरापर्यंत उजेड असतो.

अस्वलं. आहेत, काळी आणि तपकिरी दोन्ही, आणि जुलैत ओढ्यांतून सामन मासे चढायला लागले की ओढ्याकाठी असतात. पण दहा माणसं पहारी आपटत, गप्पा मारत काम करत असतील तिथे अस्वल सहसा फिरकत नाही, तीन क्रूमध्ये मला एकूण चार दिसली, त्यातलं एक रस्ता ओलांडणारं. धोका कामावर नसतो, तो एकटं फिरताना असतो, पहाटे एकट्याने "जरा फोटो काढून येते" मध्ये असतो. एकटं जायचं नाही, वळणावर मोठ्याने बोलत जायचं, आपण मराठी माणसं यात नैसर्गिकरीत्या तरबेज आहोत. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पिटाळायचा तिखट फवारा, विमानात नेता येत नाही, हँडबॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तो तिथेच मिळतो किंवा क्रू देते. आणि तो अस्वलावर मारायचा असतो, ओडोमॉससारखा अंगाला लावायचा नाही, हे सांगावं लागतं कारण एकाने तंबूवर मारला होता आणि अख्ख्या क्रूने रात्र खोकत काढली. खरं सांगू, अस्वलापेक्षा मला मूसची, म्हणजे तिकडच्या घोड्याएवढ्या हरणाची, जास्त भीती वाटते, पिल्लू बरोबर असलेली मादी अंगावर येते. हे मूस इथले मूळचे नाहीत, १९४९ पासून पिल्लं आणून या नदीमुखात सोडली, ती फोफावली. आणि रोजचा खरा त्रास अस्वलाचाही नाही, मूसचाही नाही, डासांचा आणि चिलटांचा. डोक्यावरची जाळी न्याच.

खाणं. बहुतेक आठवड्याच्या क्रूमध्ये फीमध्येच जेवण धरलेलं असतं आणि पाळीपाळीने रांधायचं असतं. फॉर्मवर शाकाहारी लिहा, आणि अंडं चालतं का, चीज चालतं का तेही लिहा, कारण "व्हेजिटेरियन" म्हटलं की मासे चालतात असं त्या गावात प्रामाणिकपणे समजणारे लोक आहेत, गावचा धंदाच तो. शेजारचा कोळी प्रेमाने अख्खा ताजा सामन आणून देतो, नम्रपणे नाही म्हणा, बाकीचे खुशीत येतील. मी स्वतः नेतो: मेतकूट, दाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, एक छोटी डबी गोड्या मसाल्याची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळे भिजलेले, कुणी कुणाशी बोलत नाही, तेव्हा मी भात टाकला आणि वर तूप-मेतकूट घालून सगळ्यांना दिला. ती निवृत्त शाळेची बाई वाटी पुसून खाऊन म्हणाली, हे काय आहे, हे मला आधी का दिलं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, फोडणीचा वास आपल्याला जेवढा लांबून येतो त्याच्या कितीतरी पट लांबून अस्वलाला येतो. स्वयंपाक तंबूपासून लांब, सगळं खाणं, टूथपेस्ट, ओठांचं मलम, अगदी खिशातली बडीशेपसुद्धा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, ज्या कपड्यात रांधलं त्यात झोपायचं नाही.

जायचं-यायचं. सिॲटलहून याकुटाटला थांबत कॉर्डोव्हाला विमान येतं, लोक त्याला दूधगाडी म्हणतात, सगळीकडे थांबत जातं म्हणून. धुकं असलं की ते न उतरता वरूनच पुढे निघून जातं, तुम्ही खिडकीतून खाली ढग बघता आणि अँकरेजला उतरता. माझ्याबाबतीत एकदा झालं. त्यामुळे क्रू सुरू व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस आणि संपल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा, सोमवारी सकाळी नऊला ऑफिसची मीटिंग ठेवू नका. वेळ असेल तर अँकरेजहून व्हिटियर आणि तिथून फेरी हा रस्ता सुंदर आहे, वाटेत अडीच मैलांचा बोगदा लागतो, त्यातून गाड्या आणि आगगाडी एकाच मार्गाने जातात, एका वेळी एकाच दिशेने, त्यामुळे बोगद्याची वेळ चुकली की फेरीही चुकते. फेरीने ज्या शांत साउंडमधून जाल त्याच साउंडमध्ये २४ मार्च १९८९ ला एक्झॉन वॉल्डीझ जहाज खडकावर चढलं आणि एक कोटी गॅलनहून जास्त तेल सांडलं. गावातल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाला हेरिंग माशांबद्दल विचारा, तो तासभर बोलेल. तो मासा नंतर १९९३ मध्ये कोसळला आणि नीट परत आलाच नाही. पण आधी विचारू नका, आधी ओळख होऊ दे.

आता मिस्टरांचा मुद्दा, कारण त्यात तथ्य आहे आणि उगाच झटकू नये. हौशी दहा माणसं आठवडाभरात जे करतात ते पगारी, सरावलेल्या चार माणसांची क्रू बहुधा दोन-तीन दिवसांत करेल. फी जाते ती जेवण, हत्यारं, लीडरची तयारी, गाडी यांच्यात, आणि विमानाचं तिकीट फीपेक्षा जास्त पडतं. मग आपण नुसते जगाच्या टोकाला जाऊन सेवेचा फोटो काढतोय का? मला हा प्रश्न दुसऱ्या वर्षी फार टोचला होता. माझं आजचं मत असं की सेवा हाच एक हेतू असेल तर अलास्काला जाऊ नका, न्यू जर्सीतल्या ट्रेलला तुमची जास्त गरज आहे, आणि तिथे तुम्ही वर्षभर जाऊ शकता. पुण्याला जाणं होत असेल तर गडावर जा, तिथली टाकी अजून गाळाने भरलेली असतील. कॉर्डोव्हाला जायचं ते एक मैल सात दिवसांत बघायला. पर्यटक जो मैल वीस मिनिटांत ओलांडतो तो तुम्ही गुडघ्यावर बसून, हाताने, इंच इंच बघता, कुठलं मूळ वाटेला धरून ठेवतंय, कुठे झरा आहे, कुठे रात्री अस्वल गेलंय. हे पैसे देऊन मिळत नाही म्हणतात, इथे मिळतं, आणि बदल्यात थोडं काम होतं. याला सुट्टी म्हणा, सेवा म्हणू नका, म्हणजे घरात भांडण होणार नाही. मिस्टरांनाही हवं तर बरोबर घ्या, पण जबरदस्तीने आणलेला नवरा ओल्या तंबूत फार वाईट दिसतो, हे मी दोन जोड्यांकडे बघून सांगतोय.

एवढं सगळं मिळून माझं उत्तर: पावसातला चार तासांचा हाइक करा, एक-दोन दिवस जवळच्या ट्रेलवर काम करा, आणि दोन्हीनंतर मन हो म्हणत असेल तर फॉर्म भरा. वय, ताकद, अस्वल यातलं काही आड येणार नाही. व्हिसाचा कागद तेवढा आधी.

आणि चहा. मिळतो हो, पण तो गरम पाण्यात बुडवलेली पिशवी. दूध पावडरचं पाकीट, साखर आणि आपली चहापत्ती घेऊन जा, आलं सुंठीच्या रूपात न्या, ताजं तिथे भरवशाचं नाही. पातेलं जरा मोठं मागून घ्या कारण पहिल्या दिवशी तुम्ही एकटीसाठी कराल, दुसऱ्या दिवशी दहा कप लागतील, आणि चौथ्या दिवशी लीडर स्वतः येऊन विचारेल की तो तपकिरी चहा झाला का.